पिवळं जाकीट, पांढरं जाकीट

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना आमच्या जाऊबाईंची दरवेळी पंचाईत होते. "ही नलू. ही आपलं... शिवणकाम करायची," एवढं पुटपुटून त्या दुसऱ्या पाहुण्यांकडे वळतात. मग मीच सांगते, की ब्लाऊज नाही, बुलेटप्रूफ जाकिटं. लगेच एखादे काका सरसावून बसतात.

"म्हणजे आत लोखंड असतं ना?"

"नाही हो काका."

"मग स्टील?"

"स्टील म्हणजे तेच की! आत कापड असतं."

कापड म्हटलं की काकांचा चेहरा पडतो. या बाईला कोणीतरी सव्वीस वर्षं फसवलं आणि हिला अजून पत्ता नाही, अशा दयेने ते माझ्याकडे बघतात आणि पानातल्या वरण-बट्टीकडे वळतात. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं काम लोकांना कळेल असं सोपं करून लिहा." सोपं करून तर मी आयुष्यभर सांगत आले. त्याने काय काय झालं तेच सांगते.

माझं माहेर तापीकाठचं. घरी कापूस, दारी कापूस, अंथरुणात कापूस. शिकल्यावर एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत धागा ओढून तोडायच्या कामाला लागले. किती जोर लावला की धागा तुटतो ते बघायचं आणि लिहायचं. तिथून शहाद्याबाहेरच्या एका खाजगी कारखान्यात गेले. तिथला धागा ओढला तर मशीनच कुरकुरायला लागलं. तेव्हा मला कळलं, की आपला घरचा कापूस किती गरीब स्वभावाचा आहे.

आता कापड गोळी कसं अडवतं ते ऐका. नवारीच्या खाटेवर तुम्ही धपकन बसलात तर एक पट्टी तुमचं वजन झेलत नाही. सगळी खाट मिळून झेलते, चारी पाय कुरकुरतात, आणि तुम्ही जमिनीवर पडत नाही. जाकिटात अशा वीस-पंचवीस खाटा एकावर एक ठेवलेल्या असतात. पिस्तुलाची गोळी त्यात घुसते, चपटी होते आणि अडकते. लांब नळीच्या रायफलीची गोळी मात्र नुसत्या कापडाला जुमानत नाही, तिला पुढे वेगळी कडक पाटी लागते. एवढंच शास्त्र. हे पाठ केलंत तर लग्नात काकांना तुम्हीही गप्प करू शकाल.

हे कापड मुख्यतः दोन जातींचं. एक पिवळं, अ‍ॅरामिड नावाच्या चिवट कृत्रिम धाग्याचं. दुसरं पांढरं, पॉलिथिलीनचं, म्हणजे आपल्या कॅरीबॅगचं सख्खं भावंड, फक्त चांगल्या शाळेत गेलेलं. पिवळं वजनाला जड, कापायला महाकठीण. साधी कात्री दुपारपर्यंत बोथट होते. त्याला विस्तव लावला तर काळं पडेल पण वितळणार नाही. मात्र ऊन, पाणी आणि ब्लीचिंग पावडर यांनी ते आतून कुजतं. पांढरं हलकं, पाण्यावर तरंगतं, धुण्याला घाबरत नाही, उन्हाचीही त्याला फारशी फिकीर नाही. पण गरम वस्तू लागली की गेलं. दोन्हीकडचे विक्रेते आमच्याकडे यायचे. पिवळेवाला पांढऱ्याच्या तुकड्याला लायटर लावायचा, पांढरेवाला पिवळ्याचा तुकडा बादलीत बुडवून ठेवायचा. आपल्या मालाबद्दल दोघेही फार कमी बोलायचे. आमच्या कँटीनची चांगली बादली या वादात कायमची गेली.

आणि गिऱ्हाइकं! एक पुढारी आले होते. नाव सांगत नाही, कारण जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ते आपल्याच तालुक्यातले वाटतील. त्यांची मागणी अशी, की जाकीट अंगात घातलेलं कुणाला दिसता कामा नये, पण घातलेलं आहे हे सगळ्यांना कळलं पाहिजे. मी विचारलं, "साहेब, तुमच्यावर कोण गोळी झाडणार आहे?" साहेब दुखावले. म्हणाले, "ताई, माझी किंमत नाही का काही?" पांढऱ्याचं पातळसं जाकीट करून दिलं. ते घालून साहेब काठी गावच्या आदिवासी होळीला गेले. तिथे लोक मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून नाचत होते. त्या गर्दीत साहेबांच्या अंगाकडे बघायला कुणाला फुरसत होती? पंधरा दिवसांनी जाकीट परत आलं. छातीवर बरोबर मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक. साहेबांचे पांढरे कपडे इस्त्रीवाल्याकडे जायचे, त्या गठ्ठ्यात हेही गेलं. इस्त्रीवाल्याने सुरकुती मोडेना म्हणून जोर लावला. साहेबांच्या आयुष्यात त्यांच्या छातीवर झालेला हल्ला तेवढाच.

हे झालं हसण्यासारखं. आता भाईदासचं सांगते.

भाईदास हा बँकांची रोकड पोचवणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या गाडीवरचा बंदूकवाला. अंगाने आडवा, बोलायला मऊ. त्यांच्याकडे चौदा गार्ड आणि चौदा जाकिटं, सगळी आम्हीच शिवलेली, पिवळ्या कापडाची. काही वर्षांनी ती तपासणीला परत आली. बाहेरचं कव्हर बदलून द्यायचं आणि 'वापरण्यास योग्य' असा कागद द्यायचा, एवढं काम. ती घेऊन भाईदास स्वतः आला. जाकिटांचा ढीग माझ्या टेबलावर टाकला आणि त्यातून आपलं वेगळं काढून दाखवलं.

"आक्का, मन्हं जाकीट देखा. बठ्ठास्मा चोख्खं शे."

खरंच सगळ्यांत चोख, अगदी स्वच्छ होतं. इतकं चोख, की मला शंका आली. कव्हरची चेन उघडून आतला पिवळा गठ्ठा बाहेर काढला. पिवळा कुठला, पार तपकिरी झाला होता.

"हे कशाने झालं रे?"

"मन्ही बायको दर रविवारले काढस ना. पावडरमा धुस आनि उनमा टाकस. घामना वास मारस." सांगताना त्याची छाती अभिमानाने फुगली होती.

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे उन्हावर लोकांची केवढी श्रद्धा! गोधडी उन्हात, डाळ उन्हात, मिरची उन्हात, बाळंतिणीची गादी उन्हात. जे उन्हातून निघालं ते शुद्ध. आणि ज्याच्यावर नवऱ्याचा जीव अवलंबून, ते जाकीट तर आधी उन्हात. त्या बाईने दर रविवारी गच्चीवर जाऊन, उलटसुलट करून, जीव लावून नवऱ्याचं जाकीट मारलं होतं.

आतल्या बाजूला लेबल होतं. त्यावर आतला गठ्ठा काढू नये, धुऊ नये, उन्हात ठेवू नये, असं सगळं व्यवस्थित छापलेलं होतं. इंग्रजीत. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. इंग्रजी लेबल दिसलं की माल खरेदी करणाऱ्या साहेब लोकांना बरं वाटतं, म्हणून तसं छापलं होतं. त्या लेबलच्या नमुन्यावर मंजुरीची सही कुणाची? माझीच. तेव्हा माझ्या मनात एकदाही आलं नाही, की हे जाकीट घरी जाईल तेव्हा ते लेबल साहेब वाचणार नाहीत, विमल वाचणार आहे. विमल म्हणजे भाईदासची बायको.

मी शेठकडे गेले. शेठ म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"शेठ, ही जाकिटं गेलेली दिसतात. कागद देता येणार नाही."

"सगळी गेली?"

"ते गोळी मारल्याशिवाय कसं सांगू?"

"मग दोन-तीन मारून बघा ना ताई. बाकीच्यांना नवी कव्हरं चढवा. आतलं कोण बघतंय?"

इथे आमच्या धंद्यातली गंमत समजून घ्या. जाकीट चांगलं आहे का हे गोळी मारल्यावरच कळतं, आणि गोळी मारल्यावर ते जाकीट कुणाच्या कामाचं राहत नाही. म्हणून ढिगातली दोन-तीन मारायची आणि बाकीची त्यांच्यासारखीच असतील असं धरून चालायचं. नव्या मालात ते ठीक. पण ही चौदा जाकिटं चौदा घरांत राहून आली होती. चौदा बायकांच्या हातची भाजी सारखी लागते का?

मी आमच्या तपासणीच्या नियमांची फाइल काढली. कमीत कमी किती नमुने मारायचे ते लिहिलेलं होतं. जास्तीत जास्त किती, ते कुणी लिहिलंच नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात माझ्यासारखी बाई नसावी. शेठ बाहेरगावी गेले त्या दिवशी मी चौदाच्या चौदा जाकिटं कव्हरं उतरवून चाचणीच्या खोलीत नेली. मागे चिकणमातीचा ठोकळा, त्यावर जाकीट, समोर पक्क्या बसवलेल्या नळीतून गोळी. पहिलं भाईदासचं लावलं. गोळी आरपार गेली आणि मातीत गाडली गेली. मी बोट घालून बघितलं तर दुसरं पेरही आत गेलं. चौदापैकी नऊ जाकिटांतून गोळी आरपार गेली. पाच टिकली. सगळ्यात झकास टिकलं गोरख नावाच्या एका गार्डचं. ते त्याने आयुष्यात धुतलं नव्हतं, गाडीच्या सीटखाली कोंबून ठेवायचा. त्यावर गुटख्याचे डाग होते आणि त्याला येणाऱ्या वासाबद्दल न बोललेलं बरं. टापटिपीच्या घरातली माणसं मरायला निघाली होती आणि आळशाच्या छातीला धक्का लागणार नव्हता.

शेठ परत आले आणि माझ्यावर जे बरसले! "ताई, तुम्हाला तपासायला दिलं होतं की कत्तल करायला?" मी फाइल पुढे केली. त्यांनी नियम दोनदा वाचला, मला एकदा बघितलं आणि पाणी मागवलं. चौदा जाकिटांना भोकं पडल्यावर नवी कव्हरं कशावर चढवणार? रोकडवाल्या कंपनीला नवी जाकिटं घ्यावी लागली. पण ती तयार होईपर्यंत दीड महिना गार्ड नुसत्या शर्टावर फिरले. त्या दीड महिन्यात भाईदास एकदा कारखान्याच्या फाटकावर आला. आत यायला तयार नव्हता.

"आक्का, तुम्ही मन्हं जाकीट फोडी टाकं."

"अरे, तू त्याच्यात नुसत्या शर्टावरच होतास. गोळी आरपार गेली ना त्यातून."

"पन माले ते माहीत नव्हतं ना," तो म्हणाला. "माहीत नव्हतं तवपावत मी बिनघोर व्हतू."

मी मान खाली घातली आणि आत गेले.

नवी जाकिटं पिवळी करायची की पांढरी, यावर पुन्हा खल झाला. गार्डांना पांढरं हवं होतं, कारण हलकं. मी हट्टाने पिवळं घेतलं. वैशाखात त्यांची पत्र्याची गाडी बँकेबाहेर उन्हात उभी राहते, तेव्हा आत भाकरी भाजेल अशी धग असते. पांढरं जाकीट सीटवर विसरलं की आतल्या आत बिघडणार आणि वरून कळणारही नाही. पिवळ्याला ती धग सोसते. त्याची पाण्यापासून राखण करायला गठ्ठा पक्क्या पिशवीत बंद केला. आणि लेबल? ते या वेळी मी छापलंच नाही. म्हटलं, आता तोंडानेच सांगायचं.

एका रविवारी चौदाही गार्डांना बायकांसकट कारखान्यात बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. जुन्या जाकिटांची भोकं दाखवली. विमलने भाईदासच्या जाकिटाच्या भोकात बोट घातलं आणि ते तसंच ठेवून मला विचारलं.

"मन्ही काय चुकी व्हयनी, आक्का? मी तं त्यास्नाकरता धुस."

"तुझी नाही गं बाई, माझी चूक," मी म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं. पण मग मला भाषणाचा चेव चढला. "हे नीट ऐका सगळ्याजणी. या पिवळ्याचा एकच वैरी. ऊन! उन्हाला दाखवायचं नाही. उन्हात न्यायचं नाही. ऊन लागलं की जाकीट मेलं, आणि जाकीट मेलं की तुमचं कुंकू गेलं. समजलं?" सगळ्यांनी माना डोलवल्या. किती सोप्या भाषेत सांगितलं म्हणून मी स्वतःवरच खूश. जाताना जुनी रिकामी कव्हरंही वाटून टाकली. चांगलं जाडं कापड होतं, पिशव्या तरी होतील.

पुढे मी निवृत्त झाले. गेल्या वैशाखात शहाद्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या बँकेत पेन्शनच्या कामाला गेले होते. दारात रोकडीची गाडी उभी. बाजूला भाईदास, खांद्याला बंदूक, अंगात जाकीट. मला बघून हसला. मी लाडाने त्याच्या छातीवर बोट टोचलं. सव्वीस वर्षांची सवय आहे, आतला गठ्ठा बोटाला कडक लागतो.

बोट आत गेलं. मऊ, गुबगुबीत.

"भाईदास, हे काय आहे?"

"चला ना घर, आक्का. मन्ही जेवननी सुटी शे. विमल दखाडी तुम्हले." त्याच्या चेहऱ्यावर तोच जुना अभिमान.

घर दोन गल्ल्यांवर होतं. विमलने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि लोखंडी कपाट उघडलं. आत नव्या साडीत गुंडाळलेलं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं, आमचं पिवळं जाकीट. एकदाही न घातलेलं.

"उनमा खराब व्हई जाई ना," विमल म्हणाली. "तुम्हीच तं सांगेल व्हतं."

"मग त्याच्या अंगात काय आहे?"

"ते मी शिवं. जुनं कव्हर व्हतं ना, त्यामा गोधडी भरी. देखा."

भाईदासने जाकीट काढून माझ्या हातात दिलं. मी उलटंसुलटं करून बघितलं. काय टाका होता! जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक लावून, आडव्या-उभ्या धावदोऱ्याने असे ठोकून बसवलेले, की आमच्या कारखान्यात अशी बाई मिळाली असती तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते. पाच फुटांवरून मलाही ओळखता आलं नव्हतं.

"बठ्ठास्नी मांगं," विमल लाजत म्हणाली. "चौदा शिवी दिधात मी."

चौदा. मी मनातल्या मनात चौदा कपाटं मोजली. माझ्या सोप्या भाषेची फळं! कव्हरच्या आत उन्हाचा एक किरणही जात नाही, घालून दिवसभर उन्हात फिरलं तरी काही होत नाही, फक्त गठ्ठा बाहेर काढून वाळत घालायचा नाही, हे एवढं एक वाक्य मी त्या रविवारी बोलले नव्हते. भाषण रंगवण्याच्या नादात राहून गेलं होतं. पहिल्यांदा लेबल इंग्रजीत होतं म्हणून नऊ माणसं उघडी पडली. दुसऱ्यांदा मी शुद्ध, सोपं, ठसक्यात बोलले आणि चौदाच्या चौदा उघडी पाडली. मला तिथेच रडू फुटलं. विमल घाबरली, तिला वाटलं शिवण चुकली.

मग मी डोळे पुसले आणि त्या दोघांना सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. साडी सोडली, जाकीट काढलं, भाईदासच्या अंगावर चढवलं आणि पट्टे आवळले. छातीवर बोट टोचलं. कडक लागलं.

"भाईदास, हे फाटलं तर दुसरं शिवता येतं रे. तू फाटलास तर विमल कुठून शिवेल? आता हे अंगावरून काढायचं नाही. आणि बाकीच्या तेरा जणांकडे संध्याकाळी मी स्वतः येते. कळलं?"

"कळनं, आक्का."

त्याने बंदूक उचलली. रोकडीची गाडी सकाळी निघते आणि दिवस मावळायच्या आत परत येते, अंधारात ती कधी फिरत नाही. आता दोनची फेरी होती. भाईदास उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. बाहेर डोळे उघडवत नव्हते असं ऊन पडलं होतं. त्याने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा विमलकडे, आणि हात हळूच पट्ट्याकडे नेला.

"आक्का," तो अजिजीने म्हणाला, "ऊन उतरू द्या ना. मंग घालस."